बोलता येईल इतकाच वेग

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल किंवा नेट चालत नसेल, तर वाचून घ्या.)

मी गोरेगावहून बोलतेय. मुंबईतलं नाही हं, आमचं गोंदिया जिल्ह्यातलं, तालुक्याचं गोरेगाव. कुरिअरवाल्यापासून एचआरपर्यंत सगळ्यांना हे सांगावं लागतं, म्हणून तुम्हालाही आधीच सांगून टाकलं.

आज सुरुवात एका प्रश्नाने करते. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, सायकल चालवणारी बाई तुम्ही शेवटची कधी पाहिली? मुलगी नाही म्हणत मी. शाळेच्या ड्रेसमधल्या मुली तर रोज दिसतात. शाळा भरायच्या वेळी आमच्या रस्त्यावर सायकलीच सायकली असतात. मी विचारतेय पंचविशीतल्या, पस्तिशीतल्या, पन्नाशीतल्या बाईबद्दल. जरा आठवून बघा.

वेळ लागला ना? आता दुसरा प्रश्न. शाळेत जाणाऱ्या त्या सगळ्या मुली पुढे गेल्या कुठे? सायकल एकदा आली की आली, ती काही विसरत नाही. म्हणजे आपल्या गावांमध्ये हजारो बायका आहेत, ज्यांना सायकल येते आणि ज्या ती चालवत नाहीत. आजचा भाग त्यांच्याबद्दल. सायकल, तब्येत आणि मैत्री, तिन्हींवर एकत्रच बोलणार आहे, कारण आमच्या सहा जणींच्या ग्रुपमध्ये या तीन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

वाटलेल्या सायकली आणि चाललेल्या सायकली

माझं काम सॉफ्टवेअरचं. बीटेक झाल्यावर पुण्यात होते, आता बहुतेक काम घरूनच करते, अधूनमधून ऑफिसला तोंड दाखवून येते. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केलं, या आकड्यावर खूश व्हायचं नाही. तीस दिवसांनी किती जण ते उघडतात, नव्वद दिवसांनी किती, ते बघायचं. खरी गोष्ट तिथे कळते.

सायकलीलाही हेच लावून बघा. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रम आहे. मागे पडलेल्या १२५ तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, ज्यांचं घर शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत आहे, त्यांना सायकल घ्यायला पैसे मिळतात. आधी ३५०० रुपये होते, २०२२ मध्ये ५००० केले. लांबच्या मुलींसाठी एसटीची निळी बस. आमच्या जिल्ह्यात ही योजना घरोघरी माहीत आहे.

आणि योजना चांगली आहे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी अशीच सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये छापून आला. माध्यमिक शाळेत योग्य वयात नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातला फरक ४० टक्क्यांनी कमी झाला. आणि फायदा कुठे जास्त दिसला? जिथे शाळा ३ किलोमीटरपेक्षा लांब होती तिथे. म्हणजे सायकल मुलीला शाळेत पोचवते, हे पक्कं.

पण बारावीनंतर काय? निकाल लागतो, मुलगी कॉलेजसाठी बसने गोंदियाला जायला लागते, नाहीतर घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं. सायकल भावाकडे जाते. किंवा वडील तिच्या कॅरिअरवर धानाचं पोतं बांधून राईस मिलला नेतात. किंवा मागच्या आंगणात भिंतीला टेकते आणि सीटवर कोंबडी बसते. कोणी ‘आता चालवायची नाही’ असं म्हणत नाही. कोणाला म्हणावंच लागत नाही. सायकल ही शाळेत जायची गोष्ट होती, शाळा संपली, सायकल संपली. किती सायकली वाटल्या हे मोजलं जातं. पाच वर्षांनी त्यातली किती चाकं त्याच मुलीच्या पायाने फिरतायत, हे कोणी विचारत नाही.

आणि त्या सायकलीबरोबर आणखी एक गोष्ट थांबते. शाळेत जाताना चौघी-पाचजणी मिळून जायच्या. चेन पडली की सगळ्या थांबायच्या. कोणाचं घरी काय चाललंय, कोणाला पेपर अवघड गेला, सगळं त्या रस्त्यावर कळायचं. शाळा संपल्यावर ती अर्ध्या तासाची जागाच गेली. नंतर भेट होते ती लग्नात, हळदीकुंकवाला, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये.

एकटीला जमत नाही, चारचौघींना जमतं

तामिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९१-९२ मध्ये तिथे साक्षरता मोहीम चालू होती. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ठरवलं, बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची. शेतमजूर बायका, दगडखाणीतल्या कामगार बायका, अंगणवाडी सेविका, नर्सेस, शिक्षिका. लाखाच्या वर बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. सुरुवातीला लोकांनी टोमणे मारले, घाणेरडं बोलले. पण हजारो बायका एकदम रस्त्यावर आल्यावर कोण कोणाला टोमणा मारणार?

मला यातली एवढीच गोष्ट आपल्या कामाची वाटते. एक बाई सायकलवर दिसली की तो बातमीचा विषय. सहा दिसल्या की ‘त्या सायकलवाल्या बाया’. साठ दिसल्या की कोणी मान वर करूनही बघणार नाही.

हल्ली महाराष्ट्रातल्या काही बायकांनी सायकलवर जे केलंय ते ऐकून थक्क व्हायला होतं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ मध्ये वयाच्या विशीत तिने जगाला चक्कर मारली, सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत. पुण्याच्याच प्रीती मस्के. पंचेचाळिशीत, दोन मुलांची आई. २०२२ मध्ये लेह ते मनाली सुमारे ४३० किलोमीटर, एकटीने, ५५ तास १३ मिनिटांत. मी त्यांचे व्हिडिओ बघते, आणि ग्रुपवर टाकते पण. त्यावर आमच्या किराणा दुकानवाल्या काकूंचा रिप्लाय असा: “बापा! आपन हिरडामालीले जाऊन आलो तरी लय झालं.”

काकू बरोबर बोलतात. आज मी रेकॉर्डबद्दल बोलत नाहीये. मी बोलतेय हिरडामालीला जाऊन येण्याबद्दल.

आमचा ग्रुप असा आहे. मी. अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई. किराणा दुकानवाल्या काकू, वय बावन्न. बीएड करणारी एक मुलगी. दोन मुलांची आई असलेली एक वहिनी, ती शिलाईचं काम करते. आणि सहावी माझी शाळेतली मैत्रीण, तिच्याबद्दल पुढे सांगते. सहा सायकली, त्यातल्या तीन शाळेच्या वेळच्या जुन्या. त्या नीट करायला प्रत्येकी काही शे रुपये लागले. टायर, ट्यूब, ब्रेकची तार, चेनला तेल, झालं.

पहिल्या महिन्यात बोलणी खूप बसली. “काहून वो, घरी गाडी असून सायकल?” “पेट्रोल परवडत नाही काय?” आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न: “शेतात राबनाऱ्या बाईले व्यायाम कायले पायजे?”

या प्रश्नाला हसू नका, खरा प्रश्न आहे तो. आमच्या वहिनी रोवणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून चिखलात उभ्या असतात. त्यांना जाऊन ‘फिटनेससाठी वेळ काढा’ म्हणणं म्हणजे थट्टाच. पण डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. पोटासाठी केलेले अंगमेहनतीचे कष्ट आणि स्वतःच्या मर्जीने केलेला व्यायाम, यांचा शरीरावर परिणाम सारखा होत नाही, असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. तर्क सोपा आहे. कामात तासन् तास एकाच स्थितीत राहावं लागतं, दमलं तरी थांबता येत नाही, विश्रांती आपल्या हातात नसते. व्यायामात थांबणं आपल्या हातात असतं.

वहिनींनी याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं दिलं. त्या म्हणाल्या, “वावरात मी सगळ्यायसाठी वाकतो. सायकलवर मी सरळ बसतो.” रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत मात्र त्या येत नाहीत. आम्ही बोलावतही नाही. त्यांची जागा राखून ठेवतो, एवढंच.

गप्पांचा वेग

आता तब्येतीचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. आता मध्यम म्हणजे किती? मनगटावर घड्याळ बांधून नाडी मोजणारे मोजोत. डॉक्टर एक फुकटची युक्ती सांगतात. चालवताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता आलं तर फारच हळू चाललंय. दोन शब्द बोलून धाप लागली तर फार जोरात.

हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. म्हणजे आमच्या गप्पांचा वेग आणि डॉक्टरांचा वेग एकच! दोन मैत्रिणी शेजारी शेजारी सायकल चालवत बोलू शकतायत, म्हणजे व्यायाम बरोबर चाललाय. बोलणं बंद पडलं की समजायचं, कोणीतरी दमलंय किंवा कोणाचं तरी काहीतरी बिनसलंय. दोन्हीत उपाय एकच, वेग कमी करा आणि विचारा.

पण त्याआधी एक तपासणी. नुसती दोन किलोमीटरवर धाप लागत असेल, जिना चढताना छाती धडधडत असेल, तर ते ‘सवय नाही’ म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा आहे: महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आहेत. म्हणजे दर दोघींमध्ये एकीच्या वर. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. सरकारी दवाखान्यात तपासून मिळतं. आमच्या सहापैकी तिघींचं १२ च्या खाली निघालं. त्यात मी पण, लॅपटॉपसमोर बसून डबा खाणारी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह चांगलं लागतं. काकूंना गोळ्यांपेक्षा जेवणानंतरचा चहा सोडायचा त्रास जास्त झाला, ते त्या अजून बोलून दाखवतात.

ती पुढे, आम्ही मागे

आता सहावीबद्दल. तिला विचारूनच सांगतेय, नाव सांगणार नाही. तिला सिकलसेल आहे. एसएस. आमच्या पूर्व विदर्भात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण तुम्ही कोल्हापुरात किंवा नाशकात ऐकत असाल तर सांगते. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, त्या या आजारात विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं, सांधे, पोट, छाती यांत भयंकर दुखतं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन दोषी जीन आले तर एसएस, म्हणजे आजार. एकच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला हा आजार २०४७ पर्यंत संपवायची मोहीम सुरू केली, त्यात तपासणीवर भर आहे. तुम्ही आमच्या भागातले असाल आणि अजून तपासलं नसेल, तर लग्नाआधी तपासा. सरकारी दवाखान्यात मोफत होतं.

तर ही माझी मैत्रीण. शाळेत असताना दुखणं यायचं, वर्गात जागा रिकामी दिसायची. घरच्यांनी काळजीपोटी एकेक गोष्ट बंद केली. खेळ बंद, सायकल बंद, लांबचं कॉलेज बंद. आम्ही सायकली काढल्या तेव्हा ती दारात उभी राहून बघायची. एक दिवस म्हणाली, “मले पन येते सायकल. कोनी विचारलंच नाही.”

तिच्या आईचा ठाम नकार होता. मग ती, मी आणि अंगणवाडीच्या ताई तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी साफ नाही म्हटलं नाही. नियम सांगितले. दमेपर्यंत चालवायचं नाही. पाणी सतत प्यायचं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की त्रास सुरू होऊ शकतो. अचानक थंडी अंगावर घ्यायची नाही, कडक उन्हात निघायचं नाही. ताप असेल त्या दिवशी घरी. तिच्या गोळ्या नियमित. आणि इतरांसाठीच्या लोहाच्या गोळ्या तिने आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत.

ताईंनी हे सगळं एका कागदावर लिहिलं आणि आमच्या ग्रुपवर टाकलं. तो मेसेज अजून पिन केलेला आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये एका सकाळी, धुकं होतं, ती बोलता बोलता गप्प झाली. आमचा नियमच आहे ना, बोलणं थांबलं की बघायचं. मांडी आणि कंबर दुखायला लागली होती. आम्ही थांबलो. वहिनींनी अंगावरची शाल तिला गुंडाळली. बाटलीतलं कोमट पाणी तिला थोडं थोडं पाजलं. बीएडवालीने तिच्या भावाला फोन लावला, पंधरा-वीस मिनिटांत तो ऑटो घेऊन आला. दवाखान्यात सलाईन लावलं, दोन दिवस ती अ‍ॅडमिट होती.

आम्हाला वाटलं, संपलं. आता तिची आई तिला दाराबाहेर सोडणार नाही. ती घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो. आईंनी चहा दिला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “दुखनं तर घरी बसल्यावर पन येतेच माय. पन तवा ती एकटी रडते.”

थंडीचे दीड महिने ती आली नाही. फेब्रुवारीत पुन्हा आली. तेव्हापासून एक बदल केलाय. ती पुढे असते, आम्ही मागे. वेग ती ठरवते. सुरुवातीला मला ते फार हळू वाटायचं, आता वाटत नाही. खरं सांगायचं तर काकूंनी नियमित यायला सुरुवात केली ती त्यानंतरच. त्यांना आधीचा वेग झेपत नव्हता आणि त्या संकोचाने बोलत नव्हत्या. सगळ्यात जपून चालवावं लागणारी पुढे गेली, आणि बाकीच्या टिकल्या.

ज्या गोष्टी कोणी सांगत नाही

आता कामाच्या चार गोष्टी. इथे थोडं मोकळं बोलणार आहे, कानात हेडफोन घाला.

पहिली, सीट. आपल्याकडे बायकांच्या सायकलीची सीट नेहमी खाली असते. का, तर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्यामुळे गुडघा पूर्ण वाकलेल्या स्थितीत जोर लावतो आणि दुखतो. मग म्हणायचं, सायकलने गुडघे जातात. सोपं माप सांगते. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने पायडल मारताना गुडघा थोडासाच वाकतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. चार दिवसांत सवय होते. काकूंची सीट चार बोटं वर केली, गुडघ्याची तक्रार निम्मी झाली.

दुसरी, पाणी आणि लघवी. बायका बाहेर निघताना पाणी पीत नाहीत. का, ते प्रत्येकीला माहीत आहे, रस्त्यात जायला जागा नसते. पाणी कमी प्यायचं, लघवी दाबून धरायची, आणि मग जळजळ, इन्फेक्शन. आम्ही रस्ता निवडताना अंतर बघत नाही, ओळखीचं घर बघतो. ज्या गावात कोणाची आत्या, कोणाची मावशी आहे, त्या गावापर्यंत जायचं. तिथे संडास वापरता येतो, पाणी भरून मिळतं, आणि आत्या खूश होते ते वेगळं. गुगल मॅपवर हे सापडणार नाही, हा मॅप बायकांनी बायकांना विचारूनच बनतो.

तिसरी, पाळी आणि बाकीच्या शंका. पाळीत सायकल चालवली तर चालते का? चालते. बरं वाटत असेल तर चालवा, नसेल तर नका चालवू. अंगावरून खूप जात असेल तर ते सायकलचं कारण नाही, डॉक्टरांना दाखवायचं कारण आहे. आणि सायकल चालवल्याने मुलीचं ‘काहीतरी’ होतं, असं कुजबुजत सांगतात ना, त्याने ना मूल व्हायला अडचण येते, ना मुलीच्या चारित्र्याबद्दल काही कळतं. योनीमुखाजवळचा पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हे वाक्य आईसमोर बोलायला लाज वाटत असेल तर हा एपिसोड पाठवा, मी बोलते.

चौथी, रस्ता. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर ट्रक असतात, तिथे आम्ही एकीमागे एक चालतो, गप्पा बंद. शेजारी शेजारी फक्त गावाकडच्या रिकाम्या रस्त्यावर. मुरदोलीच्या जंगलाकडे अंधारात अजिबात नाही. तो नागझिऱ्याचा पट्टा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच रस्त्यावर कारच्या धडकेने वाघ गेला, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तिथे वाघ रस्ता ओलांडतो, आपण पाहुणे आहोत. मागे लाल दिवा, ओढणी घट्ट बांधलेली, ब्रेक निघण्याआधी दाबून बघितलेला. आणि निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन घरी एकाला तरी.

मग सुरू कसं करायचं?

खूप जणी मला मेसेज करतात, ताई, मला पण करायचंय, पण सातत्य राहत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. सातत्य हा तुमच्या स्वभावाचा दोष समजू नका. तुमच्याकडे दुसरी बाई नाहीये, एवढंच. पहाटे साडेपाचला अलार्म बंद करणं सोपं आहे. कोपऱ्यावर काकू सायकल धरून उभ्या आहेत हे माहीत असताना झोपून राहणं अवघड आहे. अ‍ॅप, स्मार्टवॉच, चॅलेंज, मी सगळं वापरलंय, माझं कामच ते बनवायचं आहे. काकूंइतकं चांगलं नोटिफिकेशन अजून कोणी बनवलेलं नाही.

म्हणून नवीन सायकल घेण्याआधी एक सोबतीण शोधा. तुमच्या वयाचीच पाहिजे असं नाही. शेजारची, जिची सायकल भिंतीला टेकलेली आहे, तिला विचारा. “तुला सायकल येते का?” हा प्रश्न बाईला शाळा सुटल्यापासून कोणी विचारलेला नसतो. आठवड्यातून तीनच दिवस ठरवा. अर्धा तास. वेग तिचा, जी सगळ्यात हळू आहे.

ग्रुप मोडणार, याचीही तयारी ठेवा. आमची बीएडवाली या वर्षी लग्न करून तिरोड्याकडे जातेय. तिच्या सासरी सायकल चालेल की नाही, तिला माहीत नाही, आम्हालाही नाही. काकू म्हणतात, तिला आंदणात सायकल देऊ. आम्ही हसलो, आणि मग वर्गणी काढली. सायकल घेतलीय. ती तिकडे चालेल की भिंतीला टेकून राहील, हे एका सायकलीने ठरत नाही. त्या गावात तिला दुसरी बाई भेटते का, यावर आहे. म्हणून तिरोडा तालुक्यातून कोणी ऐकत असेल, सासुरवाशीण असो की माहेरवाशीण, आणि सायकल येत असेल, तर मला एक व्हॉइस नोट पाठवा. तुमची गाठ घालून देते.

बाकी सगळ्यांनी आज एवढंच करा. हा एपिसोड एकीला पाठवा, आणि खाली लिहा: उद्या सकाळी, किती वाजता?

भेटू पुढच्या भागात. सीट वर करा, पाणी प्या, काळजी घ्या.